थंड दिसणारी राख

९ फेब्रुवारी

चि. भाचेबुवा,

मामाचा आशीर्वाद. मामीचा त्याहून मोठा. तो लिहिला की नाही हे ती खांद्यावरून वाकून बघते आहे. तुमच्या धरणाच्या कामावर फोन लागतो महिन्यातून एकदा, आणि त्यातलाही निम्मा वेळ 'ऐकू येतंय का' यातच जातो, म्हणून आपलं लिहिलेलं बरं.

तू विचारलंस, कारखान्यातली नवी भट्टी उभी करायला खरं काय लागलं. ऐक. आग सोसणाऱ्या विटांचे दोन ट्रक, एक पंखा, लोखंडी जाळीच्या नव्या पट्ट्या आणि धुराड्याच्या बुडाशी फिरवलेली पाण्याची नळी. फिटरच्या अंगठ्याचं नख. माझी उजवी भुवई. ती परत येईल असं मामी म्हणते, पण माझ्या डोक्यावरच्या केसांबद्दलही ती हेच म्हणाली होती. आणि तुझ्या आईचा अबोला. सगळ्यात महाग तो पडला.

तुझ्या खोलीतला सोबती विचारतो ना, तुझा मामा नेमकं करतो काय? त्याला सांग, मामा आग ऐकतो. हवा कमी पडली की आग घरघरते, जास्त झाली की शीळ घालते, आणि नेमकी मिळाली की गोठ्यात गुरं रवंथ करतात तसा संथ आवाज येतो. मला गल्लीत फुंकणी म्हणतात ते उगाच नाही. कापड रंगवायच्या कारखान्याला वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो, बॉयलरला कोळसा. जुन्या भट्टीत फायरमन फावडी भरभरून कोळसा कोंबायचा आणि दार लावून बाहेर बसायचा. वरचा कोळसा धूर होऊन जायचा. खालचा अर्धामुर्धा जळायचा आणि झिजलेल्या जाळीतून राखेत पडायचा. आता जाळी बारीक, हवा खालून आणि वरून, आणि कोळसा थोडाथोडा, घास भरवल्यासारखा. धूर विचारू नकोस, तो नाहीच. इंधन वाचवायच्या त्या योजनेच्या लोकांनी माझ्या नावापुढे 'सल्लागार' असं छापून कार्डं दिली आहेत. मामी त्यांतलं एक खिडकी वाजू नये म्हणून फटीत खोचते.

तुला म्हणून सांगतो, बढाई नाही: कारखान्याच्या फाटकातून येणाऱ्या दर तीन कोळशाच्या गाड्यांतली एक मी परत फिरवली आहे. कोळसा वाचला, धूर वाचला, राख विझवायचं पाणीसुद्धा वाचलं. राखेच्या ढिगावर वाढलेल्या माणसानं हे केलं, हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं. कुणी ठेवत नाही, म्हणून मीच लिहितो.

आता खरी गोष्ट. कारखान्याच्या मागच्या भिंतीशी तो ढीग, आणि ढिगाला लागून तुझ्या आईची खोली. राखेतला अर्धा जळलेला कोळसा वेचायचा, धुवायचा, घरोघरच्या चुलींना विकायचा. आमची आई गेल्यावर ताईनं मला यावरच वाढवलं, आणि पुढे तुलाही. नव्या राखेत कोळसा नाही. राख म्हणजे नुसती राख. बाकीच्या बायका हळूहळू दुसरीकडे कामाला लागल्या. ताई जात नाही.

मी आणि मामी तिला आणायला गेलो होतो.

'ताई, आमच्याकडे चल. एक खोली रिकामी आहे.'

'खोली रिकामी आहे, की तुझं मन खातंय?'

'दोन्ही.'

'भावाच्या घरी बहीण चार दिवस पाहुणी. पाचव्या दिवशी तिच्या हातात केरसुणी येते, आणि महिन्यानं शेजारी विचारतात, ही कोण?'

मामी म्हणाली, 'ताई, मी केरसुणी लपवून ठेवीन.'

'तू लपवशील गं. मला सापडेल.'

मामी हसली. मीही हसणार होतो, तेवढ्यात ताई माझ्याकडे वळली. 'फुंक्या, म्हातारपणाला पुरेल एवढा ढीग मी राखून ठेवला होता. तू आलास आणि चाळून नेलास.' नंतर तिनं चहा दिला, पण बोलली नाही.

तेव्हा तू तिला लिही. शेजारीण वाचून दाखवते, आणि तुझं पत्र असलं की ताई दोनदा वाचायला लावते. मामाकडे राहायला जा म्हणावं. ती हाताला काम असेल तोवर कुणाच्या ताटावर बसणार नाही हे मला माहीत आहे, तुलाही आहे. पण तुझा शब्द वेगळा.

तुझा,
सल्लागार मामा

१४ एप्रिल

चि. भाचेबुवा,

आशीर्वाद आहेतच. तुझं पत्र ताईला पोचलं. तिनं ते दोनदा ऐकलं आणि शेजारणीला म्हणाली, 'अक्षर माझ्या मुलाचं आहे, मजकूर माझ्या भावाचा.' तुझी आई साध्या माणसाच्या पोटी उगाच आली, न्यायाधीश व्हायची.

इकडे आम्ही प्रसिद्ध झालो. परदेशी पाहुणे आले होते भट्टी बघायला. त्यांच्याबरोबर दुभाष्या. मी एखादा विनोद चांगला लांबवून सांगायचो. दुभाष्या दोन शब्दांत उरकायचा आणि पाहुणे तरीही हसायचे. तेव्हा मला कळलं की तो त्यांना सांगतोय, 'आता हसा.' मी तळहातावर राख घेऊन दाखवली. पांढुरकी, पिठासारखी. त्यांनी माझ्या हाताचे फोटो काढले, तोंडाचे नाही. जाताना त्यांतला एक दुसऱ्याला काहीतरी म्हणाला. ते मी दुभाष्याला नंतर खोदून विचारलं. 'तो म्हणाला, यांच्यासारख्या देशात हे चाललं तर कुठेही चालेल.' मी म्हटलं, छान म्हणाला. घरी येईपर्यंत मला ते छान वाटत होतं.

पण मध्येच एक घोटाळा झाला. योजनेच्या एक बाई आहेत. त्या येतात, राखेचा चिमूटभर नमुना घेतात, बशीत ठेवून लाल होईपर्यंत तापवतात आणि पुन्हा तोलतात. वजन घटलं तर समजायचं, राखेत जळायचा कोळसा राहिला होता. आम्ही त्यांना मोजणीबाई म्हणतो. शांत बाई, आवाज चढवत नाहीत, त्यामुळे जास्त भीती वाटते.

'फुंकणीसाहेब, बशी हलकी झाली.'

'बशी धुताना झिजली असेल.'

'बशी मी रोज तोलते. तुमच्या राखेत कोळसा आहे. हा पहिला कारखाना. इथे राख नापास झाली तर बाकीचे मालक भट्टी बदलणार नाहीत. त्यांना तेवढंच निमित्त हवंय.'

मला खरंच कळेना. मग मी बॉयलरच्या खोलीबाहेर पिंपावर बसून राहिलो आणि नुसतं ऐकलं. आग छान रवंथ करत होती. आणि ती तशी करत असतानाच आत लोखंडी दांडा घासल्याचा आवाज आला. भरल्या आगीत कुणीतरी राख ओढत होतं. जेवणाऱ्याच्या पुढून अर्धं ताट ओढावं तसं.

आत तात्या. आपला म्हातारा फायरमन. मला फावडं धरायला शिकवलं तो.

'तात्या, आग अर्धी असताना का ओढता?'

'जाळी साफ करतो.'

'कुणासाठी?'

तात्यानं घाम पुसला. 'तुझे कान तुझ्या आईवर गेलेत, मेले. ऐकलंस ना? आता ऐकलं नाही असं समज.'

'बाई मोजतात तात्या.'

'मोजू देत. दिवसाला एक फावडं. एका फावड्यानं जगाचा धूर वाढत नाही. तिकडे एका बाईची संध्याकाळची भाकरी होते.'

भाचेबुवा, मी त्याला काय म्हणालो ते तुला सांगतो, कारण दुसऱ्या कुणाकडून ऐकशील तर ते जास्त वाईट ऐकू येईल. मी म्हणालो, 'तात्या, एका बाईसाठी मी बारा गावच्या भट्ट्या बुडवू शकत नाही.' मी बरोबर होतो. हिशेब कुणालाही विचार. तात्या म्हणाला, 'बरं साहेब.' आजवर त्यानं मला साहेब म्हटलं नव्हतं.

पुढच्या मोजणीत बशी जशी होती तशी राहिली. मोजणीबाईंनी हात मिळवला. बाकीचे मालक तयार झाले.

ताई दुसऱ्या दिवशी ढिगावर आली तेव्हा मी धुराड्याच्या शिडीवर होतो. तिनं ताज्या राखेत चाळण घातली, हलवली, उलटी केली. पुन्हा घातली. मग खडा उचलून दुसऱ्या खड्यावर आपटून ऐकला. दगड झाला असेल तर खणखणतो, कोळसा असेल तर मुका वाजतो, हे तिनंच मला शिकवलेलं. खणखणला. ती उठली आणि ढिगाला वळसा घालून मागच्या अंगाला गेली.

आता ती तिथे खणते. ढिगाच्या बुडाशी जुनी राख आहे, मी फायरमनही नव्हतो तेव्हाची. तिच्यात कोळसाच कोळसा. मी म्हटलं, 'ताई, त्या वेळच्या भट्ट्या नालायक होत्या.' ती म्हणाली, 'गरिबाला नालायकांनीच पोसलं.' बोलली हे काय कमी आहे. तिची चाळण पुन्हा भरते, ती खूश आहे. निदान माझ्याकडे यायचं नाव काढत नाही म्हणजे खूश असावी. तू काळजी करू नकोस आणि सुट्टीची खटपटही करू नकोस. तुमचं कंत्राट पुरं होऊ दे.

तुझा,
मामा

३० मे

चि. भाचेबुवा,

आशीर्वाद. पत्राला उशीर झाला. मामीचा गुडघा पुन्हा धरला. माझी भुवई उगवली, पण पांढरी. आता मी एका बाजूनं म्हातारा आणि दुसऱ्या बाजूनं धूर्त दिसतो असं मामीचं मत आहे. बाकी दोन गावांतल्या भट्ट्यांचं काम सुरू झालं. विटा चांगल्या मिळाल्या. तुमच्याकडे धरणाची भिंत कुठवर आली ते तू लिहिलं नाहीस.

तुला बरं वाटेल अशी बातमी आहे. ताई आमच्याकडे राहायला आली. पुढची खोली दिली आहे, रस्त्यावरची, म्हणजे वर्दळ दिसते. मामी तिचं सगळं करते. केरसुणी लपवायची वेळ आली नाही.

तिच्या पायांना थोडं भाजलं आहे. मलमपट्टी चालू आहे. डॉक्टर रोज येतात, चांगला माणूस आहे, फार बोलत नाही. डावा पाय आता उत्तम आहे, अगदी बोटंसुद्धा हलवते.

झालं असं की ढीग आतून पेटलेला होता. वरून काही दिसत नव्हतं. राख थंड दिसत होती, पांढरी, अशी की वर पोरं खेळली असती. ताज्या राखेखाली जुनी राख, जुन्या राखेत कोळसा, आणि तो आतल्या आत धुमसत पोकळ झाला होता. ताई नेहमीसारखी बुडाशी खणत होती. चांगली चाळणभर निघाली म्हणून ती वरच्या अंगाला चढली, आणि राखेचं वरचं कवच खाली बसलं. गुडघ्यापर्यंत आत गेली. तात्यानं आवाज ऐकला आणि धावला. त्यानं तिला बाहेर ओढलं, त्याचेही हात पोळले.

पूर्वी राखेवर पाणी मारून मगच ती ढिगावर टाकत. हल्ली ती पद्धत बदलली होती. राख विझवणं हे फायरमनचं काम, म्हणून मालकानं तात्याला कामावरून काढलं. वाईट झालं. पण कुणालातरी विचारणारच.

तू लगेच निघू नकोस. कंत्राट अर्ध्यात टाकलंस तर ते लोक पुन्हा घेणार नाहीत, आणि इथे तू येऊन करणार काय? ताईला काही कमी पडत नाही. ती जेवते. बोलत नाही, पण ती आधीही माझ्याशी कुठे बोलत होती.

मामी म्हणते, सगळं लिहा. मी म्हटलं, लिहिलं आहे.

तुझा,
मामा

५ जुलै

चि. भाचेबुवा,

तुझं पत्र मिळालं. आशीर्वाद मागितला नव्हतास, तरी देतो; तो परत पाठवायची सोय नसते.

तू दोनच प्रश्न विचारलेस. आईचा उजवा पाय कसा आहे, आणि पाणी मारायचं कुणी थांबवलं.

उजवा पाय घोट्याच्या वरपासून काढावा लागला. मागचं पत्र लिहिलं तेव्हा तो काढून झाला होता. डावा उत्तम आहे असं लिहिलं की उजव्याबद्दल लिहावं लागत नाही, एवढीच त्यात माझी हुशारी होती. जखम आता कोरडी आहे. दुखतं ते नसलेल्या बोटांत दुखतं म्हणते. डॉक्टर म्हणाले, असं होतं.

पाणी मी थांबवलं.

पद्धत बदलली नव्हती रे, मी बदलली. ही नवी राख पिठासारखी. पाणी मारलं की तिचा चिखल होतो, ढकलगाडीला चिकटतो, तात्याला खरवडत बसावं लागतं. मी विचार केला, या राखेत वेचायला कुणी येणार नाही, मग विझवायची कुणासाठी? कोरडीच टाका. तात्या तेव्हा म्हणाला होता, 'नुसती राख आतून लवकर निवत नाही.' मी म्हणालो, 'वाऱ्यानं निवेल.' पाणीही वाचलं, असं मी तुलाच तर अभिमानानं लिहिलं होतं. गरम राख रोज त्या जुन्या कोळशावर ओतत होतो. भट्टी लावायची म्हटलं तर मी याहून चांगली लावली नसती. आणि त्याच जुन्या कोळशाकडे ताईला कुणी वळवलं, हे दुसऱ्या पत्रात तू वाचलंच आहेस.

हातात हात घालून बसलेले दोन निर्णय. एकेकटा बघितला तर दोन्ही शहाण्याचे.

मी मालकाकडे गेलो. म्हटलं, तात्याचा दोष नाही, हुकूम माझा होता, त्याला परत घ्या. मालक भला माणूस आहे. त्यानं मला बसायला खुर्ची दिली, जी पूर्वी दिली नसती.

'कुणाकुणाला सांगितलंत हे?'

'तुम्हालाच.'

'मग इथेच राहू द्या. तुमचं नाव खराब झालं तर भट्टीचं नाव खराब होईल. बाकीचे मालक मागे फिरतील. पुन्हा धूर. ते तुम्हाला चालेल?'

'आणि तात्या?'

'तात्याचं वय झालंच होतं.'

मी मोजणीबाईंनाही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्या गावांत राख विझवूनच टाकायची असा नियम झाला. चांगला नियम आहे. तात्याला मात्र कुणी परत घेतलं नाही. मी त्याच्या घरी गेलो. हाताला फडकं बांधून बसला होता. त्याच्या बायकोनं दार उघडलं आणि आत ओरडून सांगितलं, 'सल्लागार आलेत.' तात्या म्हणाला, 'ये फुंक्या.' साहेब म्हणाला असता तर बरं झालं असतं.

ताईला सांगायचं राहिलं होतं. मी रोज सकाळी तिच्या खोलीत जाऊन खिडकी उघडायचो, उशी नीट करायचो आणि बाहेर यायचो. एक दिवस तीच म्हणाली,

'तू रोज काहीतरी सांगायला येतोस आणि खिडकी उघडून जातोस. खिडकी काल रात्री उघडीच होती.'

मी खाली बसलो आणि सांगितलं. सगळं. फावडं, बशी, पाणी. मामी दारात उभी होती. तिलाही फावड्याचं माहीत नव्हतं.

ताईनं पांघरुणाची कड चिमटीत धरली. मग म्हणाली, 'लहानपणी तू ढिगावर पळायचास तेव्हा मी आधी हात टेकवून बघायची. मग तुला सोडायची.'

'हो.'

'ते पाणी तात्या आमच्या हातांसाठी मारायचा. कारखान्याला त्याची गरज नव्हती कधी. तू वर गेलास आणि तुला वाटलं ते कारखान्याचं आहे.'

तिनं पांघरुणाची कड सोडली.

'आणि तुला ऐकू कसं आलं नाही रे? तू तर आग ऐकतोस.'

ती आग आवाज करत नव्हती. हवा मिळाली की आग बोलते. कोंडलेली नुसती खाते. मी तसं म्हटलंही. तिनं मान फिरवली. त्यानंतर ती मामीशी बोलते, शेजारणीशी बोलते, माझ्याशी 'पाणी दे' एवढंच. ताटावर बसली की आधी निम्मं काढून ठेवायला लावते. मामी काढते, आणि ती जेवायला लागली की हळूच परत वाढते. ताईला कळतं. पहिल्यासारखी असती तर ताट ढकललं असतं.

बसल्याबसल्या तिनं मामीकडून धान्य निवडायला मागून घेतलं आहे. निवडून झालेलं पुन्हा निवडते. मामी दोन डब्यांतलं एकच धान्य आलटून पालटून पुढे करते, आणि मला डोळ्यांनी सांगते की बोलू नका. तुझ्या आईला माझ्या घरी आणायचं माझ्या मनात होतं, मनासारखं झालं. असं होईल असं कुणी आधी सांगितलं असतं तर मी भट्टीच्या दाराला हात लावला नसता, असं लिहिणार होतो. पण खरं माहीत नाही. धूर वाईटच होता. तुला लहानपणी खोकला होता तो त्याच धुराचा.

तू ये. मागच्या दोन पत्रांत येऊ नकोस म्हटलं ते कंत्राटासाठी नव्हतं. तू आलास की तिच्या पायाकडे बघशील आणि मग माझ्याकडे, ते मला नको होतं. आता बघ. शिव्या द्यायच्या तर अंगणात दे, ताईसमोर नको. तिला माझी बाजू घ्यावी लागेल आणि ती तिला घ्यायची नाही. तात्याकडेही जा. त्याच्यासाठी काम बघतो आहे, अजून मिळालेलं नाही.

स्टँडवरून चालत येशील तर कारखान्याच्या फाटकावरूनच यावं लागतं. तिथे तुला दिसेलच, म्हणून आधी सांगतो. ताईच्याच लक्षात आलं. तिची खोली रस्त्यावर, दिवसभर दुसरं काय ऐकणार? मामीला म्हणाली, 'कोळसा वाचला म्हणतात, मग या गाड्या कसल्या?' मी फाटकाशी जाऊन उभा राहिलो. भट्टी स्वस्तात चालते म्हटल्यावर मालकानं शेजारी दुसरा बॉयलर बसवला आहे. कापड दीडपट रंगतं. मोजणीबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, आम्ही दर मीटर कापडामागे कोळसा मोजतो, आणि तो कमीच झाला आहे; फाटकातून किती आला ते आमच्या मोजणीत नसतं.

गाड्या पूर्वीइतक्याच येतात.

तुझ्या आईचा भाऊ